मीटरवर शून्य

शनिवारी दवाखान्यात आलेला हिरवा इग्वाना (परदेशी सरडा) आठ महिन्यांचा होता आणि वजन भरलं फक्त ९५ ग्रॅम. मांड्या मात्र गुबगुबीत. घरच्यांना ते बाळसं वाटत होतं. दाबून पाहिलं तर मांडी लाकडासारखी घट्ट, खालचा जबडा रबरासारखा वाकणारा, आणि मागच्या पायांची बोटं थरथरत होती. एक्स-रेत हाड आणि मांस जवळजवळ एकाच करड्या रंगाचं दिसलं. हाडांतलं कॅल्शियम ओढलं गेलं की शरीर त्या जागी तंतुमय ऊती भरत जातं, म्हणून मांडी जाड दिसते. हा आजार जितका खाण्यापिण्याचा, तितकाच दिव्यांचा: यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांतला एक भाग, अंगावर पडला की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, तोंडाने द्यायचं औषध लिहून दिलं. पण हे ज्या पेटीत घडलं त्याच पेटीत तो परत जाणार होता, म्हणून रविवारी सकाळी सिंहगड रोडवरच्या त्या फ्लॅटवर गेलो. जानेवारीचा दुसरा आठवडा, थंडी चांगलीच. बॅगेत तीन वस्तू होत्या: अतिनील निर्देशांक दाखवणारा सोलारमीटर ६.५, इन्फ्रारेड थर्मामीटर, आणि वायरच्या टोकाला प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर.

मुलगा कॉलेजातला, हौशी आणि चोख. पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद त्याने विचारायच्या आधीच काढून ठेवला होता. (हे इग्वानासारख्या परदेशी प्राण्यापुरतं. आपली घोरपड घरात ठेवणं हा गुन्हाच.) दिव्यांवर त्याने पैसेही बरेच घातले होते. तीन बाय दीड बाय दीड फुटांची माशांची काचपेटी, वर काचेचं झाकण, झाकणावर २६ वॅटचा गुंडाळीचा ‘यूव्हीबी’ बल्ब, शेजारी १०० वॅटचा लाल दिवा, खाली हीटिंग पॅड. खोलीत शिरताच डोळे दिपावेत असा उजेड.

इग्वानाची पाठ असते त्या उंचीवर मीटर धरला. ०.०. सरकवून, तिरका करून पाहिला. ०.०.

काच बाजूला केली. बल्बपासून १५ सेंटीमीटरवर ०.९, तळाशी ०.१. साधी काच यूव्हीबी जवळपास सगळं अडवते, हे मुलाला खिडकीच्या बाबतीत माहीत होतं. झाकणाच्या बाबतीत त्याने तो विचारच केला नव्हता. झाकण मुळात जाळीचं होतं. काच आजींनी घातली होती. “अहो डॉक्टर, ती पाल बाहेर येऊन देवघरात शिरली तर?” त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं, जाळी एका कोपऱ्यात खरोखरच सुटलेली होती.

पण एकट्या काचेला दोष देऊन भागण्यासारखं नव्हतं. गुंडाळीच्या बल्बचा बराचसा प्रकाश बाजूंनी निघतो, टोकातून कमी. इथे तो उभा लावलेला, वर रिफ्लेक्टर नाही, म्हणजे उपयोगाचा भाग भिंतींवर पडत होता. शिवाय बल्ब बराच वापरलेला. उजेड तसाच राहतो, यूव्हीबी आधी उतरतं, आणि डोळ्यांना ते कळत नाही. मुलाकडे उन्हात जांभळं होणारं एक कार्ड होतं. ते काचेखालीही जांभळं व्हायचं, त्यावरून तो निश्चिंत होता. ही कार्डं यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांतला दुसरा भाग, ओळखतात आणि यूव्हीएचा काही भाग काचेतून येतो. मला विचाराल तर ही कार्डं विकायलाच नकोत.

मग उष्णता. लाल दिव्याखाली तळाचं तापमान ४६ अंश, दुसऱ्या टोकाला २१. काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर २९ दाखवत होता. ते तापमान काचेचं. पॅडवरच्या वर्तमानपत्राखाली ४४. पोटावरचा फिकट तपकिरी पट्टा शनिवारी दिसला होताच, त्याचा उलगडा झाला. इग्वाना झाडावर राहणारा प्राणी, त्याला ऊन वरून मिळतं. पोटाखाली भाजतंय म्हणून तो वेळेवर हलेलच असं नाही. लाल दिवा रात्रभर चालू असायचा, ‘त्यांना लाल दिसत नाही’ या समजुतीवर. इग्वानाला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, लालही दिसतो, आणि डोक्यावर प्रकाश ओळखणारा तिसरा डोळा असतो तो वेगळाच. रात्री अंधार हवा म्हणजे पूर्ण अंधार.

अतिनील किती हवं याचा अंदाज बांधायला २०१० सालचं गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांचं काम उपयोगी पडतं. रानातल्या सरड्या-सापांच्या अंगावर प्रत्यक्ष किती निर्देशांक पडतो हे मोजून त्यांनी चार गट केले. इग्वाना तिसऱ्या गटात धरतात: दिवसभराची सरासरी १.० ते २.६, कमाल २.९ ते ७.४. मी शेकायच्या जागी पाठीवर ३ ते ४ धरतो आणि पेटीचा निम्मा भाग सावलीत सोडतो, म्हणजे किती घ्यायचं ते प्राणी स्वतः ठरवतो.

ऊब आणि यूव्हीबी एकाच ठिकाणी पडायला हवं, यामागे रसायन आहे. यूव्हीबीमुळे कातडीत तयार होतं ते आधी पूर्वरूप. त्याचं ड जीवनसत्त्व अंगाच्या उबेने होतं. एका कोपऱ्यात गरम दिवा आणि दुसऱ्या कोपऱ्यात यूव्ही, ही मांडणी म्हणून फुकट जाते. थंड इग्वानाला पालाही पचत नाही.

नवं घर विकत आणलं नाही. घरात पुस्तकांचं रिकामं कपाट पडून होतं: चार फूट रुंद, दोन फूट खोल, पाच फूट उंच. मधल्या फळ्या काढल्या, आतून पाण्यावरचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश तीन हात मारलं आणि वास पूर्ण जाईपर्यंत आठवडाभर उघडं ठेवलं. पुढे सरकत्या काचा, बाजूंना खाली आणि वर जाळीच्या खिडक्या. पूर्ण वाढलेल्या इग्वानाला सहा फूट उंची आणि तेवढीच लांबी लागते, म्हणजे हे घर फार तर वर्षभराचं, हे तेव्हाच सांगून ठेवलं.

दिवे आत घेतल्याने काच आणि जाळीचा प्रश्न मिटला. (बारीक जाळीसुद्धा ३० ते ५० टक्के यूव्हीबी खाते.) यूव्हीबीची नळी घेतली टी५ एचओ (बारीक नळी, एचओ म्हणजे जास्त ताकदीची), २४ वॅट, १२ टक्के यूव्हीबीची, ॲल्युमिनियमच्या रिफ्लेक्टरसह. इथे एक फसगत नेहमी होते. २४ वॅटची एचओ नळी आणि साधी १४ वॅटची टी५ नळी, दोन्हींची लांबी ५४९ मिलिमीटर. इलेक्ट्रिशियन हाताशी असलेली १४ वॅटची पट्टी लावतो, नळी बसते, पेटते, आणि मीटरवर निम्मं येतं. पट्टीतल्या बॅलास्टवर, म्हणजे नळीला वीज पुरवणाऱ्या भागावर, २४ वॅट एचओ लिहिलंय का ते वाचायचं. परदेशातून कुणी दिवा आणला तर ११० व्होल्टचा नाही ना, तेही.

नळी साखळीने टांगली, कारण हाडं घट्ट होईपर्यंत या पिल्लाला उंच फांदी द्यायची नव्हती. पडला तर मांडीचं हाड मोडणारच. तळापासून फक्त २० सेंटीमीटरवर रुंद, खरखरीत फळी लावली आणि नळी खाली आणत मोजत गेलो: पाठीपासून ६० सेंटीमीटरवर १.७, ४० वर ३.८, २५ वर ७.५. चाळीसला थांबलो. पंचवीसला ठेवली असती तर आठवड्यात डोळे मिटून बसला असता. हे आकडे त्या नळीचे आणि त्या रिफ्लेक्टरचे. दुसरीकडे परत मोजावं लागतं.

उबेसाठी १०० वॅटचा एकच झोत टाळला. एका झोतात पाठीचा मधला भाग भाजतो आणि शेपटी गार राहते. ५० वॅटचे दोन पसरट हॅलोजन १५ सेंटीमीटर अंतराने नळीच्या शेजारीच लावले आणि डिमरने फळीवर ३७ अंश आणले. डिमर दिव्याचा; पंख्याचा पायऱ्यांचा रेग्युलेटर चालत नाही. बाजारात हॅलोजनच्या आकाराचे एलईडी मिळतात, ते उजेड देतात, ऊब नाही. खरेदी करताना वॅट वाचायचे. होल्डर चिनीमातीचे; प्लॅस्टिकचे काही महिन्यांत तडकतात. प्रत्येक गरम दिव्याभोवती तारेची जाळी, कारण इग्वाना दिव्यावर चढतोच.

रात्रीसाठी १०० वॅटचा सिरॅमिक हीटर, अंडी उबवण्याच्या पेटीत वापरतात तसल्या चालू-बंद थर्मोस्टॅटवर, २४ अंशांना. हा थर्मोस्टॅट हॅलोजनला जोडायचा नाही, दिवे दिवसभर उघडझाप करत बसतात. प्रोब क्लिपने स्क्रू मारून पक्का केला. तो सुटून थंड कोपऱ्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, आणि हीटर थांबत नाही. टायमर सकाळी सात ते संध्याकाळी सात, बॅटरीवाला, नाहीतर वीज गेली की वेळ सरकत जाते.

निघताना आजींनी विचारलं, “मग रोज गॅलरीत उन्हात ठेवलं तर?” ऊन उत्तमच. पण काचपेटीत कधीच नाही. थंडीतसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत आत चाळिशी ओलांडते. जाळीचा पिंजरा, अर्ध्यावर ओलं फडकं, आणि शेजारी माणूस. पालकाऐवजी शेवग्याचा पाला हेही त्यांनीच लिहून घेतलं.

बोटांची थरथर आठवड्याभरात थांबली. एप्रिलमध्ये एक्स-रेवर हाडांच्या कडा पांढऱ्या दिसू लागल्या, वजन २१० ग्रॅम झालं. जबडा थोडा वाकडा राहिला, तो तसाच राहणार. फळी एक फूट वर घेतली, त्यासोबत साखळीही. कपाटाचा थंड कोपरा तेव्हा दुपारी ३३ वर जात होता, म्हणून हॅलोजनचा वेगळा टायमर लावून ते सकाळी दहाला बंद केले. नळी मात्र संध्याकाळी सातपर्यंत चालू. तिच्या टोकाला चिकटपट्टीवर आजींच्या अक्षरात तारीख आहे: जानेवारी, आणि खाली ३.८. मीटर पुन्हा जुलैत.