एल्क लॉग: बर्फ आला, पण नर अजून वरच आहेत

अमेरिकेत कोलोराडोत मीकर गावाच्या वर, फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला यंदा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा सेकंड रायफल सीझन (रायफलीनं शिकारीला ठरवून दिलेला दुसरा काळ) चालू असतानाच बर्फ आला, दहा हजार फुटांवर वीतभर आणि खाली ओकच्या झुडपांत नुसता भुरभुरलेला. बर्फ दिसला की बरेच जण ट्रक घेऊन खालच्या दरीत जाऊन बसतात की आता कळप उतरणार. पण वीतभर बर्फाला एल्क भीक घालत नाही हो. मोठा नर तीनशे किलोच्या वर जातो, पाय लांब, खुरानं बर्फ उकरून खालचं गवत खातो, साधारण दीड फूट साचेपर्यंत त्याला जागा सोडायचं कारणच नसतं, आणि तेव्हाही आधी माद्या आणि पिल्लं निघतात, मोठे नर बहुतेक शेवटी. म्हणून मी वरच थांबलो.

वादळात काही हललं नाही, सगळी जनावरं दाट स्प्रूसमध्ये. आभाळ मोकळं झालं त्या सकाळी मात्र दक्षिणेकडच्या उतारावर उजाडताच माद्यांचा कळप चरताना दिसला, पांढऱ्यावर ते पिवळट अंग दुर्बिणीशिवाय कळत होतं. माझा टॅग (शिकारीचा परवाना) नराचा, त्यामुळे तिथे वेळ घालवला नाही. सप्टेंबरात माजावर असताना नर कळपात सापडतो, ऑक्टोबर संपताना तो दमलेला, वजन उतरलेला असतो, एकटा किंवा दोघं-तिघं मिळून अशा कोपऱ्यात जातो जिथे चारा जवळ आहे आणि माणूस येत नाही. मॅपवर मी तेच शोधलं: उत्तरेचा चढा उतार, मध्ये सपाट टप्पा, खाली छोटं कुरण, रस्ता लांब.

तिथे माग लागला. चार इंची खूर, पुढून गोलसर (म्यूल डिअर या इथल्या दुसऱ्या हरणाचा लहान आणि टोकदार असतो). बर्फ रात्री थांबला होता म्हणजे माग त्यानंतरचाच, कडा अजून धारदार, लेंड्या मऊ आणि चकचकीत. पुढे बसलेली जागा, बर्फ वितळून ओल झालेली, जुनी असती तर वर कडक पापुद्रा आला असता. हे वाचता येणं हीच पहिल्या बर्फाची खरी किंमत आहे असं मला वाटतं, आणि जिथे एकही माग नाही तो डोंगर तर सरळ यादीतून काढून टाकता येतो, कोरड्या जमिनीवर यात दिवसच्या दिवस जातात.

मागावरून सरळ चालू नका मात्र. एल्क बसताना बऱ्याचदा स्वतः ज्या वाटेनं आला तिकडे नजर राहील अशी जागा धरतो. मी बाजूनं, वाऱ्याच्या खालच्या अंगानं गेलो, आणि ऊन चढल्यावर हवा उतारावरून वर वाहायला लागते म्हणून मग त्याच्या वरच्या बाजूला सरकलो.

संध्याकाळी नर कुरणात आला, रेंजफाइंडरवर (अंतर मोजायचं यंत्र) अडीचशे यार्ड. इथे नियम असा की एका शिंगाला किमान चार टोकं हवीत नाहीतर कपाळाजवळचा फाटा पाच इंचांचा. मला एका बाजूला तीन स्पष्ट दिसली, बाकी फांद्यांआड. सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच मुदत, ती संपली आणि मी रायफल उचललीच नाही. त्याला माझा वास लागलेला नाही, तो चरत होता, त्यामुळे तो तिथेच असणार अशी माझी खात्री आहे.

शिकार चालते का असं ज्या दोस्तांनी इकडून-तिकडून विचारलं त्यांच्यासाठी: भारतात १९७२च्या कायद्यानं शिकार बंद आहे, इथे लायसन्स काढून कळपांची संख्या राखली जाते, आणि १९४९ किंवा नंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतोच. भडक नारंगी किंवा गुलाबी जॅकेट आणि टोपीही सक्तीची.

आता अडचण एकच, दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठतो आणि पहाटे प्रत्येक पाऊल करकर वाजतं. म्हणून उद्या माग काढत चालायचं नाही, अंधारातच कड्यावर जाऊन कुरणावर नजर ठेवून बसायचं, पश्चिमेचा वारा असेल तर. लोकरीची पँट, गेम बॅग्ज (मांस भरायच्या पिशव्या), सुरी, दोर बॅगेत भरलंय. थर्ड सीझनला या उंचीवर बसलेल्यांनी पहाटेचा वारा कधी फिरतो ते जरूर सांगा.