तुम्ही विचारलंत म्हणून: परत साथ आली तर तुमचं हॉस्पिटल तयार आहे का?

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनला आहे म्हटलं की ठाणे-वाशी लोकलमध्येसुद्धा हेच विचारतात, आणि मी दरवेळी "हो, ऑक्सिजन प्लांट आहे, बेड वाढवलेत" म्हणून विषय बदलते. आज नीट सांगते.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. वाशीतलंच एक हॉस्पिटल, कॉम्प्युटर एक, भरायची पोर्टलं तीन. सकाळी ११ वाजता मी रिकाम्या बेडच्या पोर्टलवर "आयसीयू रिकामे: २" भरलं. साडेबाराला दोन्ही बेड गेले, वॉर्डातून सिस्टरचा फोन आला, मी पॅडवर पेनाने २ खोडून ० केलं आणि आयसीएमआरच्या पोर्टलवरच्या कोरोना टेस्टच्या एंट्र्या उरकून मग पोर्टलवर भरते म्हटलं. ते राहिलंच. अडीचला एक मुलगा काउंटरवर आला, बाहेर रिक्षात त्याचे वडील आईच्या खांद्यावर मान टाकून बसलेले. त्याने मोबाइल काचेला लावला, "मॅडम, इथे दोन दाखवतंय ना?" घणसोलीहून निघून दोन ठिकाणी फिरलेले, हा आकडा बघून मधे कुठे न थांबता आमच्याकडे आले होते. मी म्हणाले सिस्टिम अपडेट झाली नाहीये. खोटं बोलले. सिस्टिमला काही झालं नव्हतं, मी भरलं नव्हतं. रिक्षा वळली आणि गेली, मी नावही विचारलं नाही.

एकटीने किती करायचं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि ते खरंच आहे. पण तो आकडा बदलायला एक मिनिट लागलं असतं, हेही खरंच आहे.

२७ डिसेंबर २०२२ ला देशभरच्या हॉस्पिटलांत कोरोनाच्या तयारीचं मॉक ड्रिल झालं. आमच्याकडे ऑक्सिजनचं प्रेशर बघितलं, व्हेंटिलेटर चालू करून बघितले, स्टॉक मोजला. लागतंच ते. पण बेड भरल्यापासून स्क्रीनवरचा आकडा बदलेपर्यंत किती मिनिटं जातात ते कोणी घड्याळ लावून बघितलं नाही, आणि मीही तेव्हा तोंड उघडलं नाही.

साथ पकडायचं काम सुधारलंय, ते मान्य. आयडीएसपीत, म्हणजे साथींवर नजर ठेवायच्या सरकारी कार्यक्रमात, आधी आठवड्याला एकदा रिपोर्ट जायचा, आरोग्यसेवकांचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी, लॅबचा एल. आता आयएचआयपी या त्याच कामाच्या सरकारी पोर्टलवर रोज ऑनलाइन जातं, म्हणजे एकाच भागात तापाचे पेशंट वाढले तर आठवडाभर थांबायला नको. फक्त पत्त्यात नुसतं "नवी मुंबई" लिहिलं तर भाग कळणार कसा? सेक्टर लिहा म्हणून मी केसपेपरच्या खिडकीवर भांडते, तर तिथे लाइन दारापर्यंत गेलेली असते, त्यांचंही चूक नाही.

पूर्वी मी म्हणायचे, अजून एक ऑपरेटर द्या, सगळं होईल. आता वाटतं, आकडा फोनवरूनच येणार असेल तर पाच जण बसवले तरी तो शिळाच, बेड देणाऱ्या सिस्टरनेच तिथल्या तिथे भरायला हवा. पण पेशंट धापा टाकतोय आणि सिस्टर मोबाइलमध्ये बघतेय, हेही मला पटत नाही.

सध्या मी माझ्या रजिस्टरात आकड्याशेजारी वेळ लिहिते. आज सकाळी: आयसीयू रिकामे ३, १०.४०. परवा माझी सुट्टी होती, त्या दिवशीचा वेळेचा रकाना कोरा आहे.