थंडी ओसरताना शिंका कुठून येतात

आज पहाटे गारठा, साडेदहाला चटका, आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवर फिरणारे अर्धेअधिक शिंकत होते. पळसाला बोल लावू नका, त्याचे पराग पक्षी नेतात. खरा मानकरी वावळाचं झाड! जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या उघड्या फांद्यांवर पाकळ्या नसलेली बारीक फुलं येतात, कोणी मान वर करून बघतही नाही. हवा दमट असेपर्यंत परागकोश मिटलेले असतात. ऊन चढलं की ते वाळून उकलतात आणि पराग वाऱ्यावर.

रात्री थंड हवा जमिनीलगत अडकते, त्यामुळे धूर-धूळही नाकाच्याच उंचीला. अवकाळी पाऊस हवा धुतो खरा, पण गडगडाटी सरीच्या सुरुवातीला परागकण पाणी शोषून फुटतात आणि तुकडे फुफ्फुसात खोलवर जातात. दमेकऱ्यांनी तेव्हा खिडक्या लावून घरातच बसावं.

कपडे गच्चीवर वाळवू नका, झाडूऐवजी ओला पोछा मारा. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे पुरता लागू पडायला काही दिवस जातात, म्हणून डॉक्टरांना डिसेंबरअखेरच विचारा. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं मारा, रोख कानाकडे. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर घोळणा फुटतो.