पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं

नववीचं प्रात्यक्षिक होतं, पाण्याचा उत्कलनांक काढण्याचं. चंचुपात्रात पाणी खळखळत होतं, पारा ९८ वर थांबला होता आणि जवळजवळ प्रत्येक वहीत १०० लिहिलेलं होतं. एका मुलीने तर लिहिलेले ९८ खोडून १०० केले होते. "पुस्तकात शंभर आहे ना, सर. तापमापी बिघडली असेल."

डोळ्यांनी पाहिलेला आकडा खोडावासा वाटतो, हे मला फार लागलं. पण तिची शंका रास्त होती, म्हणून आधी तापमापीच तपासली. बर्फाचा चुरा, तो जेमतेम भिजेल इतकं पाणी, तापमापीचा फुगा पूर्ण आत, ढवळत तीन-चार मिनिटं. फ्रीजरमधून काढल्या काढल्या बर्फ शून्याखाली असतो, त्यामुळे तो वितळू लागलेलाच हवा. पारा नेमका शून्यावर आला. शून्याला बरोबर म्हणजे शंभरालाही बरोबर असेलच असं नाही. पण जवळजवळ सगळ्या टेबलांवरच्या तापमाप्या एकाच बाजूला दोन अंश चुकतील, हे मुलांनाही पटेना.

"मग नळाच्या पाण्यातले क्षार?" क्षारांनी उत्कलनांक वाढतो, उतरत नाही. तोही एक अंश वाढवायला लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं.

उरला हवेचा दाब. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. इथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, समुद्रसपाटीला सरासरी १०१३. पहिल्या हजारेक मीटरपर्यंत दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरावा. म्हणजे पुण्यात ९८ च्या किंचित वर, सिंहगडावर साडेपंच्याण्णवच्या आसपास.

इथे एका मुलाने मोबाइलवर हवामान पाहिलं आणि दाब निघाला हजाराच्या वर! हा घोळ नेहमी होतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानाच्या बातमीत दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. आपल्याला हवा तो जागेवरचा दाब. ज्या मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, त्यात तो थेट दिसतो.

खिडकीजवळच्या टेबलावर मात्र पारा खरोखरच १०० ला टेकलेला. त्या गटाला वाटलं, आपलंच बरोबर. वाकून पाहिलं तर फुगा पात्राच्या बुडाला लागलेला आणि खाली जाळी नसल्याने स्पिरिटच्या दिव्याची ज्योत थेट काचेवर. फुगा बुडापासून दोन सेंटिमीटर उचलला, जाळी सरकवली, पाणी दणकन उसळू नये म्हणून मडक्याच्या खापरीचे दोन बारके तुकडे टाकले (हे पाणी थंड असतानाच टाकायचे, म्हणून दिवा विझवून थांबावं लागलं). पुन्हा उकळल्यावर, डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवून वाचलं: ९८.

मग सगळ्यांनी वहीत नवी ओळ घातली: ठिकाण, उंची, त्या वेळचा दाब, तापमापीचं लघुतम माप (म्हणजे तिच्यावरचा सर्वांत लहान भाग) १ अंश, वाचन ९८.