चिखलदरा उतरताना ब्रेक मऊ पडला तर

चिखलदऱ्याला निघालेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, गाडी चढेल का? चढते. विचारायचं ते उताराबद्दल, आणि तेच कुणी सांगत नाही. गाव १,११८ मीटरवर, परतवाडा पार खाली सपाटीला, मध्ये नुसती वळणं. श्रावणातल्या रविवारी संध्याकाळी सगळी गर्दी एकदमच खाली निघते. धुकं, पुढे ट्रॅव्हल्स, मागे हॉर्न. दुसऱ्या गिअरवर असूनही पाय ब्रेकवरून उचलता येत नाही.

गाविलगड, भीमकुंड, पंचबोल पॉइंट यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते तिकडे वाचा. मला धामणगाव गढीकडे उतरतानाच्या टप्प्याबद्दलच सांगायचंय.

तिथे एका वळणाआधी पेडल दाबलं आणि पाय खाली जातच राहिला. गाडी मंदावली, थांबेना. भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागला. लगेच पहिला गिअर, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. हँडब्रेकची केबल वेगळी असते, तिला ब्रेक ऑइलशी देणंघेणं नाही. थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका. केलं तर दोन-तीन दाबांत, पायाचा जोर वाढवणाऱ्या बुस्टरचा जोर संपतो आणि पेडल दगड होतं. मग चाकांना दगड लावून गाडी निवू दिली. चाकांवर पाणी ओता म्हणणारे भेटतील, ऐकू नका, तापलेली डिस्क वाकू शकते.

निवल्यावर पेडल पुन्हा बऱ्यापैकी कडक झालं. तापल्यावर मऊ, निवल्यावर ठीक, याचा अर्थ ऑइलमध्ये पाणी आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दबते, म्हणून पेडल खाली जातं. पॅड तापून घसरू लागले तर पेडल कडकच राहतं, गाडी मात्र थांबत नाही. तो रोग वेगळा.

राग याचा, की निघण्याआधी शहरातल्या गॅरेजनं ‘ब्रेक सर्व्हिस’ म्हणून पूर्ण पैसे घेतले होते. पॅड बदलले आणि जुन्याच ऑइलवर नवं ओतून ऑइलची डबी भरून दिली. बिलात ‘ऑइल बदलले’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि उभं राहून बघा. दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, गाडी कितीही कमी फिरो.

घाट संपल्यावर पहिल्याच गॅरेजवाल्यानं एकदा पेडल दाबलं आणि निकाल दिला, “भाऊ, मास्टरच गेला तुमचा. बदलावाच लागते.” मास्टर म्हणजे पेडलच्या दाबानं ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर. त्याचे साडेपाच हजार सांगितले. चाक काढलं नाही, बोनेट उघडलं नाही. अशा वेळी गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि पेडल मध्यम जोरानं मिनिटभर दाबून धरा. हळूहळू बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची रबरं गेली. जागेवर राहिलं तर मास्टर ठीक. आमचं हललं नाही. टायरच्या आतली बाजू कोरडी, डबीतली पातळी तीच. मग हँडब्रेक ओढून पेडल बघा. वर आलं तर मागचे लायनर सैल आहेत, ड्रम ॲडजस्ट करायचे. आमचं तेही नव्हतं.

परतवाड्यात एका छोट्या दुकानात पोरानं नीट काम केलं. चाकाजवळचा, ऑइल काढायचा निपल उघडला तर कोऱ्या चहासारखं ऑइल निघालं, मागच्या डाव्या चाकातून तर बुडबुड्यांसकट. सहसा मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. तरी गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच धरा. पेडल दाबून जुनं ऑइल काढताना, पेडल वर सोडण्याआधी निपल बंद झालाच पाहिजे, आणि डबी रिकामी होता कामा नये, नाहीतर पुन्हा हवा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं तर मास्टरमधली रबरं कधी न घासलेल्या, गंजलेल्या भागावर जातात आणि खरोखरच फाटतात.

ऑइलची बाटली सीलबंदच घ्या. दुकानात उघडी पडलेली नको, आणि काढलेलं ऑइल परत ओतू देऊ नका. ऑइल-मजुरी मिळून सातशे रुपये झाले, त्याला मी आनंदानं जास्त दिले असते. एबीएसच्या युनिटमध्येच हवा अडकली असेल तर स्कॅनर लागतो. ऑइल बदलूनही पेडल मऊच राहिलं तर तिथे वेळ न घालवता गाडी टो करून अमरावतीला न्या.

पुढे घटांगवरून सेमाडोहला गेलो, तिथेही उतार आहे. ब्रेक पहिल्या दाबात, वरच्या वर लागत होता. रविवारी संध्याकाळी मात्र चिखलदरा उतरू नका. सोमवारी सकाळी उतरा, रस्ता मोकळा मिळतो आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच खाली येते.