आमटीचं पाणी आणि हाडाची गोळी

शिवणकामाची टेप घ्या. आजी किंवा आबांना खुर्चीवर बसवा, तळपाय जमिनीला टेकलेले, गुडघा काटकोनात. पोटरीचा सगळ्यात जाड भाग शोधून तिथे टेप गुंडाळा, आवळू नका. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषांची पोटरी ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांची ३३ पेक्षा कमी भरली, तर स्नायू झडत चालल्याची शंका घ्यायची. पायाला सूज असेल तर हे माप फसवतं. मग दुसरी परीक्षा: हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पाय कमजोर झालेत.

‘वय झालं, चालायचंच’ असं म्हणून हे सोडून देतात, नाहीतर मेडिकलमधून ताकदीच्या पावडरीचा डबा येतो. त्याआधी ताट मोजावं. साठीनंतर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. आता सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव-खटावकडच्या घरातलं नेहमीचं खाणं बघा. सकाळी चहा-बिस्किट, २-३ ग्रॅम. दुपारी ज्वारीची एक भाकरी ५, भाजी २, पातळ आमटी आणि भात मिळून ६. चारला परत चहा. रात्री अर्धी भाकरी, आमटी-भात, ८ च्या आसपास. झोपताना अर्धा कप दूध धरलं तरी बेरीज तिशीच्या पुढे जात नाही. निम्म्यावरच काम चाललंय.

आमटीची तर वेगळीच गंमत. दात गेलेत म्हणून वरचं पाणी वाढायचं आणि डाळ खाली पातेल्यात. प्रोटीन डाळीत असतं, पाण्यात नाही. वाटीभर आमटीत निदान ३० ग्रॅम कोरडी डाळ पडली पाहिजे, तेव्हा कुठे ७ ग्रॅम मिळतात. दाताचा प्रश्न असेल तर डाळ घोटा, मटकी शिजवून चेचा, फुटाण्याचं पीठ करा, शेंगदाण्याचा कूट घाला. मऊ करायचं, पातळ नाही.

भरून काढायला फार काही लागत नाही. सकाळी चहाबरोबर बिस्किटाऐवजी ४० ग्रॅम मुगाच्या डाळीचं धिरडं आणि वाटीभर दही, झाले १३. दुपारी ४० ग्रॅम मटकीची घट्ट उसळ, भाकरी, दही: १७. चारला मूठभर फुटाणे किंवा त्यांचं पीठ ताकात कालवून, ६. रात्री घेवडा, भाकरी आणि पेलाभर दूध, १७-१८. अंडं चालत असेल तर एका अंड्याचे ६ वेगळे. तिन्ही वेळेला थोडं थोडं वाटून द्यायचं, एकट्या रात्रीच्या जेवणावर सगळा भार नको. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनीचं काम मंदावलं असेल, तर मात्र हे गणित डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

कडधान्यं बंद होतात ती गॅसमुळे, आणि गॅस होतो तो एकदम वाटीभर वाढल्यामुळे. पहिला आठवडा मूग, तोही पाव वाटी. मग मटकी, शेवटी घेवडा. भौगोलिक मानांकन मिळालेला आपला वाघ्या घेवडा राजम्याच्याच कुळातला. तो रात्रभर भिजवायचा, भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि कुकरला पार मऊ होईतो शिजवायचा. कच्चट राहिला तर त्यातलं लेक्टिन नावाचं द्रव्य पोट बिघडवतं, उलट्या-जुलाब होतात, आणि दोष बिचाऱ्या घेवड्याला.

आता हाडाची गोळी. डबीवर ठळक ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असतं, बारीक अक्षरात ‘एलिमेंटल कॅल्शियम ५००’. खरं कॅल्शियम ते पाचशेच. साठीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, पण त्यातलं बरंचसं ताटातूनच येऊ शकतं: दूध-दही मिळून ४०० मिलीचे साधारण ४८०, ४० ग्रॅम नाचणीचे १४५, चमचाभर म्हणजे १० ग्रॅम तिळाचे १२५. जावळी-पाटणची नाचणी रात्री ताकात भिजवून सकाळी आंबील केली तर कॅल्शियम अडवणारं फायटेट कमी होऊन ते जास्त अंगी लागतं. शेवग्याचा पालाही भरपूर देतो. पालकावर मात्र विसंबू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

मग गोळी लागलीच तर एक, आणि तीही जेवणासोबत. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो थायरॉइडच्या गोळीचा. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची, पाठोपाठ कॅल्शियमची, दोन्ही एकाच घोटाबरोबर! कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला आतड्यात बांधून ठेवतं, मग रिपोर्ट बिघडतो आणि डोस वाढतो. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही कॅल्शियमपासून लांबच बरी.

ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक असते, सहसा आठ आठवडे. ती रोज घेतली गेली तर रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, पुढे भ्रम आणि किडनीला इजा. कॅलेंडरवर गुरुवारी फुली मारून ठेवा. पुडी दुधाबरोबर किंवा जेवणानंतर, कारण ती स्निग्धात विरघळते.

बी-१२ शाकाहारी घरांत कमी असतंच. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आणखी घटतं. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा दिसला तर तपासणी आधी करा. नुसतं फॉलिक ॲसिड घेत बसलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा बिघडत राहतात.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं, त्यामुळे हळदीतल्या कर्क्युमिन या द्रव्याची कॅप्सूल म्हणजे घरचीच वस्तू वाटते. तसं नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, कॅप्सूलमध्ये ते कैकपट, वर शोषलं जावं म्हणून मिऱ्याचा अर्क. अशा कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. फोडणीतल्या हळदीला हे लागू नाही. तासगावचा बेदाणा चांगलाच, पण दोन तृतीयांश साखर आहे. मधुमेह असेल तर दहा-बारा मणी, धुऊन.

आणि सलाईन. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ असा हट्ट आबा धरतात. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरी. एका भाकरीहूनही कमी. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाच्या शिरेत जवळजवळ दिवसभराचं मीठ एका बैठकीत. प्रोटीन दोन्हींत शून्य.