मुरारची अंगीठी

ग्वाल्हेर, रविवार, ४ जानेवारी

दुपारपर्यंत धुकं हटलंच नाही. दोनदा साबण लावूनही नखांत अजून तांबूस गंज आहे.

मुरार ही इंग्रजांची छावणी. १८८६ साली ती किल्ल्यासकट शिंद्यांकडे परत आली आणि बदल्यात झाशी गेली. आजोबांनी इथलं हे घर घेतलं, तेव्हा बैठकीच्या भिंतीत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, अंगीठी होतीच. मॅट्रिकचा अभ्यास बाबांनी तिच्यापुढे बसून केला. पुढे हीटर आला आणि अंगीठीवर फळी ठोकली गेली. दिवाळीत ती काढली तर गंजाचे पोपडे पसाभर खाली पडले. भंगारवाला म्हणाला, "बीड है, पैंतीस के भाव ले लूँगा." मला तो भाव ऐकवला नाही.

गंज कुठून आला ते आधी शोधलं. धुराड्याचं तोंड वर उघडं होतं. चार महिने पाऊस थेट आत पडायचा, आणि ओली काजळी आंबट होऊन लोखंड खाते. गवंड्याने चार विटांवर फरशीचा तुकडा बसवला, चारही बाजूंनी धूर जायला वाट ठेवून. चारशे रुपये. सगळ्यात आधी करायचा खर्च हाच, असं माझं ठाम मत आहे. वरून गळत असताना खाली कितीही घासा, आषाढात पुन्हा तेच.

मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि टर्पेंटाइन. कुणीतरी कधीतरी चंदेरी ऑइलपेंट फासला होता. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासलं नाही. कागद टर्पेंटाइनमध्ये भिजवून, तोंडाला मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून घासलं. पाणी मात्र लावलं नाही. उघड्या बिडावर तासाभरात नवा गंज धरतो.

गेल्या रविवारी चूक केली. जाळीची अडकलेली सळई सुटेना म्हणून हातोडी मारली आणि ती काडकन तुटली. बीड वाकत नाही, तुटतं. आत करडे, रव्यासारखे कण दिसले. फार वाईट वाटलं. वेल्डिंगसाठी निकेलचा रॉड लागतो, आधी तुकडा नीट तापवावा लागतो, शिवाय जोड टिकेलच असं नाही. नऊतल्या आठ सळया शाबूत आहेत, तेवढ्या पुरतील.

आज चारच्या सुमारास जुन्या टूथब्रशने डावा खांब घासताना गंजाखालून एक पान वर आलं. शिरांसकट. मी बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा न लावताच त्यावर अंगठा फिरवला.

"अगं, याच्याखाली द्राक्षाचा घड आहे बघ. खालचा एक मणी तुटलेला."

घासत खाली गेले. घड होता, आणि खालचा मणी नव्हता. बाबा किती तरी वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले.

संध्याकाळी ग्रॅफाइटची पूड थोड्याशा अळशीच्या तेलात कालवून जुन्या मोज्याने पातळ चोळली. रंगापेक्षा हे बरं. पोपडे धरत नाही, नक्षी बुजत नाही. गवंड्यासकट आतापर्यंत तेराशे चाळीस रुपये झाले. मागच्या फटींत भरलेली अग्निमाती अजून ओली आहे, म्हणून जाळ आठवड्याने, तोही आधी चार काटक्यांचाच.

अळशीच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. मोजासुद्धा पाण्याच्या बादलीत बुडवून अंगणात ठेवला आहे.